रिकाम्या समेचं संगीत

मित्रहो, आधी सगळे मिळून एक गोष्ट करू. मनात चार मात्रा मोजा. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची नाही. समेवर टाळी द्यायची आपल्याला इतकी सवय आहे की हात आपोआप पुढे येईल, त्याला आवरा. तिसरी मात्रा आली की मात्र जोरात द्या. पुन्हा. बघा, सम रिकामी गेली की शरीर किंचित पुढे झुकतं आणि तिसरीवर येऊन टेकतं. जमैकातले वादक याला 'वन ड्रॉप' म्हणतात. तिथला जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या मागे ड्रम वाजवणाऱ्या कार्लटन बॅरेटने हा ठेका जगभर पोचवला. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक फटकारा आणि खाली बासचा सावकाश चाललेला आवाज. रेगे या जमैकन संगीताचं घर एवढ्यावर उभं आहे.

मार्ले मला प्रिय आहे. पण आज मी बोलणार आहे ते ना गाणाऱ्या, ना वाद्य वाजवणाऱ्या एका माणसाबद्दल. ऑसबर्न रडॉक त्याचं नाव. १९४१ साली जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये जन्मला. जग त्याला किंग टबी म्हणतं.

टबी रेडिओ-दुरुस्तीवाला. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा, अँप्लिफायर स्वतः बांधायचा. मी लहानपणी रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात तासन् तास बसलेलो आहे. डाग देताना येणारा राळेचा वास आणि उघड्या सेटवर कान लावून घरघर नेमकी कुठून येते ते शोधणारा कारागीर अजून डोळ्यासमोर आहे. टबीचं संगीत मला त्या कानातून आलेलं वाटतं.

त्या काळी किंग्स्टनमधल्या गरिबांचं संगीत रस्त्यावर ऐकलं जायचं. स्पीकरच्या भिंती उभ्या करायच्या, रेकॉर्ड लावायची आणि लोकांनी नाचायचं. याला साऊंड सिस्टिम म्हणत. टबीची स्वतःची होती आणि तिच्यावर माईक धरून ठेक्यावर तालात बोलायचा यू-रॉय. १९६०च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट सांगतात. रडी रेडवूड नावाच्या साऊंड सिस्टिमवाल्यासाठी 'द पॅरागॉन्स'च्या एका गाण्याची तबकडी कापताना गायकांचा आवाज घ्यायचा राहून गेला. त्याने ती तशीच लावली आणि समोरची गर्दी स्वतःच गाऊ लागली. तिथून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्याची बिनआवाजी आवृत्ती छापायची पद्धत पडली. निर्मात्याचा दुसऱ्या गाण्याचा खर्च वाचला आणि यू-रॉयसारख्यांना बोलायला मोकळं मैदान मिळालं. १९७० साली यू-रॉयच्या अशा रेकॉर्ड जमैकात सर्वांत वर पोचल्या होत्या.

टबीने या मागच्या बाजूचं सोनं केलं. वॉटरहाउस वस्तीतल्या ड्रॉमिली अव्हेन्यूवर आईच्या घरात त्याने स्टुडिओ थाटला. जागा इतकी लहान की पूर्ण वाद्यवृंद मावायचा नाही. वादन दुसरीकडे ध्वनिमुद्रित व्हायचं, निर्माते टेप घेऊन इथे यायचे आणि गायक उभा राहायचा न्हाणीघरात! मिक्सर मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला, चार ट्रॅकचा. त्यावर खालचे स्वर टप्प्याटप्प्याने छाटणारी एक मोठी गुंडी होती. ती फिरली की सगळा ड्रम पातळ होत पत्र्यासारखा वाजायचा आणि मग एकदम पूर्ण वजनानिशी परत यायचा. शिवाय टेपचा प्रतिध्वनी. आणि स्प्रिंगवर चालणारं रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला घुमारा देणारं, खोकं, ज्याला तो टपली मारायचा आणि स्पीकरमधून वीज कडाडायची. टेप चालू असताना हे सगळं हातानेच, त्या क्षणी सुचेल तसं. म्हणून मी त्याला वादक म्हणतो, आणि तो थोर वादक होता असं माझं ठाम मत आहे. या प्रकाराचं नाव डब.

त्याच घरात शिकलेल्या जॅमीने १९८५ साली वेन स्मिथकडून 'अंडर मी स्लेंग टेंग' गाऊन घेतलं. त्याचा ठेका कॅसिओच्या एका छोट्या कीबोर्डमध्ये आयता भरलेला होता, आणि तो तयार करणाऱ्या हिरोको ओकुडा या जपानी तरुणीने पदवीचा प्रबंध रेगेवरच लिहिला होता. या ठेक्यावर जमैकात किती गाणी झाली त्याला गणती नाही. डान्सहॉल या रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीताचा संगणकी काळ तिथून सुरू झाला. ज्यांना तो आवाज कोरडा वाटतो त्यांनी तो मोबाईलवर ऐकू नये, मोठ्या स्पीकरसमोर उभं राहून ऐकावा.

टबी १९८९च्या फेब्रुवारीत घराबाहेर गोळी लागून मेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. हे सांगताना आजही मला त्रास होतो.

आता 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' लावतो. मूळ गाणं जेकब मिलरचं, मेलोडिका, म्हणजे फुंकून वाजवायची छोटी पेटी, ऑगस्टस पाब्लोची. मिलरचा आवाज येतो न येतो तोच तुटेल, शब्दाचं शेपूट प्रतिध्वनीत लांबत जाईल, आणि त्याच्याखालून बास निवांत चालत राहील. पहिल्या वेळी फक्त बास धरून ठेवा. दुसऱ्यांदा लावेन तेव्हा गिटार कुठे कुठे गायब होते ते बघू.