कुणी केलं, ते सांगायचं नाही

(पडद्यावर: बडोदं, दांडिया बाजार. सकाळचे साडेसहा. ओटल्यावर दोन मुलं बसली आहेत. त्यांच्यासमोर एक वही, एक पेन्सिल आणि गल्ली.)

मे महिना. गुजरातमधल्या शाळा बंद आहेत, त्या जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडतील. म्हणजे मुलांच्या हातात जेमतेम पाच आठवडे. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे बारा ते साडेचार घराबाहेर पडायचं नाही. मोकळी राहते ती सकाळ आणि संध्याकाळ, आणि एवढ्या वेळात बरंच काही होऊ शकतं.

या मुलांनी सुट्टीसाठी एक खेळ ठरवला आहे. गल्लीतल्या कुणाचं तरी एखादं काम करून टाकायचं आणि ते कुणी केलं हे त्या माणसाला कळू द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की अवघडपणा लक्षात येतो. उघड मदत करताना विचारता येतं, ‘आजी, काय करू?’ गुपचूप करायचं तर विचारायची सोय नसते. मग उरतं फक्त बघणं. म्हणून पहिले तीन दिवस कुणीही काहीही करत नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं.

वहीत नाव लिहायचं नाही, वही कुणाच्याही हाती पडू शकते. ‘निळं फाटक’, ‘तुळशीचं घर’, ‘कोपऱ्यावरचा जिना’ अशा खुणा पुरतात. प्रत्येक खुणेपुढे तीन गोष्टी लिहायच्या: काय अडतं, केव्हा अडतं, आणि ते तसं का आहे. तिसरा रकाना भरल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. या रकान्याचा आम्ही फार आग्रह धरतो. का, ते निळ्या फाटकाकडे बघून कळेल.

(पडद्यावर: लोखंडी फाटकाची बिजागरी. उघडताना कर्र आवाज.)

फाटक कुरकुरतं. उपाय सगळ्यांना माहीत आहे. शिलाईच्या मशीनचं तेल दोन-तीन थेंब बिजागरीच्या वरून सोडायचं, फाटक पाच-सहा वेळा हलवायचं आणि ओघळलेलं तेल चिंधीनं पुसायचं. स्वयंपाकाचं तेल चालत नाही. चार दिवसांत ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि फाटक आधीपेक्षा जड होतं. बिजागरी गंजलेली असेल तर आधी जुन्या टूथब्रशनं गंज झाडायचा. एवढं दहा मिनिटांचं काम.

पण आत एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, गल्ली त्यांना गुजराती रीतीनं ‘बा’ म्हणते. घंटीचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नाही. फाटक कर्र वाजलं की कुणीतरी आलं हे त्यांना समजतं. या फाटकाला तेल घातलं तर त्यांची घंटीच काढून घेतल्यासारखं होईल. दोन दिवस बघितलं तर हे दिसतं, एकदाच बघितलं तर दिसत नाही. अशा घरी करण्यासारखं काम वेगळं असतं. वर्तमानपत्र वाऱ्यानं पायऱ्यांखाली जातं आणि बांना वाकून काढावं लागतं. रोज सकाळी ते उचलून कठड्याच्या आतल्या बाजूला, हात पोचेल अशा उंचीवर ठेवायचं, बस.

झाडांना पाणी घालणं हे मुलांचं आवडतं गुपित, आणि सगळ्यात जास्त चुकतंही तेच. शेजारचे काका सकाळी पाणी घालतात, मुलं संध्याकाळी गुपचूप घालतात. मातीला सुकायला वेळ मिळत नाही, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. पिवळी पानं पाहून काका आणखी पाणी घालतात. म्हणून आधी कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघायचं. आत ओल लागली तर परत फिरायचं. बोगनवेलीला पाण्याचा थोडा ताण दिला तरच ती फुलते. तिला रोज पाणी मिळालं तर पानंच पानं येतात, आणि बहराची वाट बघणाऱ्याला काय बिघडलं ते कळतही नाही. घरमालक गावाला गेले असतील आणि कुंड्या फाटकाबाहेर असतील तेव्हाच हे काम खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं. तुळस आणि मोगरा मे महिन्यात पाण्यावाचून फार दिवस तग धरत नाहीत.

(पडद्यावर: कडुलिंबाच्या खालच्या फांदीला गुंडाळलेला रंगीत दोरा.)

आता असं एक काम, जे बडोद्यासारख्या पतंगवेड्या शहरात फार गरजेचं आहे. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, जानेवारीत संपते, मांजा मात्र झाडांवर, जाळ्यांवर, अगाशीच्या, म्हणजे गच्चीच्या, कठड्यांवर राहतो. सुती मांजा उन्हावाऱ्यानं हळूहळू विरतो. नायलॉनचा विरत नाही. त्यावर बंदी आहे, तरी तो सापडतो. उन्हाळ्यात अनेक पक्ष्यांची घरटी असतात, आणि काडीबरोबर दोराही चोचीतून घरट्यात जातो. पिल्लाच्या पायाला त्याचा वेढा बसला की पाय वाढतो आणि वेढा तसाच राहतो.

हे काम करताना हातात जाड मोजे, बोथट टोकाची कात्री आणि एक कापडी पिशवी हवी. दोरा ओढायचा नाही. ओढला की बोट कापतं, आणि दुसरं टोक कशाला अडकलंय ते आपल्याला माहीत नसतं. दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा काढायचा. उभं राहून वर केलेला हात पोचेल तेवढ्याच उंचीचं काढायचं, चढायचं नाही. फांदीजवळ विजेची तार दिसली तर त्या झाडाला हातच लावायचा नाही, काठीनंसुद्धा नाही. असं झाड वहीत लिहायचं आणि मोठ्यांना सांगायचं. जमलेल्या दोऱ्याचे बोटभर लांबीचे तुकडे करायचे. गोळा तसाच टाकला तर कचऱ्याच्या ढिगावर पुन्हा कुणाच्या तरी पायात अडकतो. तुकडे कागदात बांधून सुक्या कचऱ्यात द्यायचे. जाळायचे नाहीत, नायलॉनचा धूर विषारी असतो.

दोऱ्यात अडकलेला जिवंत पक्षी सापडला तर गुपित तिथंच संपतं. मोठ्या माणसाला हाक मारायची आणि 1962 या क्रमांकावर फोन करायचा, ती गुजरातमधली पशुपक्ष्यांसाठीची रुग्णवाहिका सेवा आहे. ती येईपर्यंत पक्ष्यावर सुती कापड टाकायचं आणि त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं. पंखात रुतलेला दोरा उपसायचा नाही. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

पक्ष्यांसाठी ठेवायच्या पाण्याच्या कुंड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दर उन्हाळ्यात त्या भराभर मांडल्या जातात आणि तितक्याच भराभर विसरल्या जातात. कुंडं मातीचं, बिनचकाकीचं आणि पसरट हवं. मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि त्यामुळे आतलं पाणी गार राहतं. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियममध्ये दुपारी पाणी तापतं. नवं कुंडं आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवायचं. काठाशी पाणी इंचभर आणि मध्ये दोन इंच, त्याहून खोल नको. चिमणी आणि बुलबुल यांना पाय टेकायला जागा लागते, म्हणून मध्ये एक खडबडीत विटेचा तुकडा ठेवायचा.

जागा सावलीची हवी. झुडपाला अगदी चिकटून नको, तिथं मांजर दबा धरतं. पार उघड्यावरही नको, घाबरलेल्या पक्ष्याला पटकन फांदी गाठता यायला हवी. अगाशीच्या कठड्यावर तर अजिबात नको, वारा सुटला की कुंडं खालून जाणाऱ्याच्या डोक्यात.

रोज पाणी बदलताना आतून नारळाच्या शेंडीनं घासायचं, साबण लावायचा नाही. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. कोरडं पडलं तरी ती कित्येक महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. न घासलेलं कुंडं म्हणजे शेजाऱ्याच्या दारात डास पाळणं. जितकी रोज घासली जातील तितकीच कुंडी ठेवायची, दोन मुलांना तीन पुष्कळ झाली.

(पडद्यावर: स्वयंपाकघराच्या ओट्याशी एक मूल आणि त्याची आई, दोघांचं हळू आवाजात बोलणं.)

गुपिताचा एक नियम कधीही मोडायचा नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाला सगळं माहीत असतं. गुपित ज्याचं काम केलं त्याच्यापासून आहे, आईपासून नाही. कुठं जाणार, कुणाच्या दाराशी आणि किती वेळ, हे सांगूनच निघायचं. त्याचा आणखी एक उपयोग होतो. परक्या फाटकाशी घुटमळणारं मूल पाहून कुणी हटकलं, तर ‘हो, मला ठाऊक आहे’ म्हणणारं एक माणूस गल्लीत असतं.

कुणाच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. खायचा पदार्थ, पिण्याचं पाणी आणि औषध गुपचूप ठेवायचं नाही. कुणी दिलं हे माहीत नसताना शहाणा माणूस ते खाणार नाही, आणि खाल्लं तर काळजीत पडेल. पैसे ठेवायचे नाहीत. विजेचं काम करायचं नाही. विश्वामित्रीच्या काठावर कुठलंही काम काढायचं नाही, नदीत मगरी आहेत आणि मे महिन्यात त्यांची पिल्लं बाहेर येण्याचे दिवस जवळ येतात.

एका कामाला दोन मुलं पुरतात. पाचजण निघाले की गल्ली मान वळवून बघते. पाच-सहा वर्षांच्या धाकट्यांच्या पोटात गोष्ट संध्याकाळपर्यंतसुद्धा राहत नाही. त्यांना घर कुठलं ते सांगायचं नाही, विटेचा तुकडा घासून ठेवण्यासारखं काम द्यायचं. त्यात ती मनापासून रमतात.

पकडलं गेलं तर खोटं बोलायचं नाही. ‘हो, मी केलं’ म्हणायचं आणि त्या घरापुरता खेळ थांबवायचा. याहून अवघड प्रसंग दुसरा. वर्तमानपत्र कोण उचलून ठेवतं याचा बा अंदाज बांधतात आणि पेपरवाल्याचं कौतुक करतात. मूल शेजारीच उभं असतं. त्या क्षणी गप्प राहणं सोपं नाही, आणि मोठ्यांनी ते सोपं समजू नये. त्या संध्याकाळी ज्याला सगळं माहीत आहे त्या मोठ्या माणसानं त्या मुलाचं सगळं शांतपणे ऐकून घ्यावं. गुपित पाळण्याइतकंच ते ऐकून घेणंही महत्त्वाचं आहे.

(पडद्यावर: पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा, खोडरबर, खळीची वाटी.)

शेवटचा आठवडा पुस्तकांचा. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि 1910 नंतर इथून गावोगावी ग्रंथालयांची पुस्तकं लाकडी पेट्यांतून फिरत होती. त्या शहरात वापरलेलं पुस्तक पुढच्या मुलाच्या दाराशी पोचवणं शोभतं.

आधी अभ्यासक्रमातलं पुस्तक बदललं आहे का ते बघायचं, नाहीतर सगळी मेहनत वाया. इयत्ता, माध्यम आणि छापल्याचं वर्ष मुखपृष्ठाच्या आत मिळतं. पेन्सिलीची उत्तरं मऊ खोडरबरनं एकाच दिशेनं खोडायची, मागेपुढे घासलं की कागद चुरगळून फाटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक पाझरतो आणि शेजारची पानं चिकटतात. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मोठ्यांच्या हातून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळून घ्यायचा आणि गार करायचा. ही खळ उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून वाटीभरच करायची. बांधणी करणारे ती टिकावी म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात नको. पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची, दोन्ही बाजूंना कोरे कागद ठेवायचे आणि रात्रभर वजनाखाली दाबायचं. नाहीतर पान वाळताना वाकडं होतं.

पुस्तकं रात्री ठेवायची नाहीत. या दिवसांत वळिवाची सर अचानक येते. सकाळी, दार उघडण्याच्या थोडं आधी ठेवायची.

मग पाऊस येतो आणि शाळाही सुरू होते. कुंड्यांचं काय करायचं हे त्याआधीच ठरलेलं असावं. पहिले चार-पाच दिवस पाऊस नीट लागला आहे ना हे बघायचं. उघडीप असेल तर शाळेला निघण्याआधी घासून भरायचं, ज्याची सकाळची शाळा आहे त्याच्याऐवजी दुपारची शाळा असणाऱ्यानं. पाऊस लागला की तिन्ही कुंडी घासून, वाळवून, उपडी ठेवायची.