उन्हाळ्यातला नाथसागर

मे महिन्यात जायकवाडीला, म्हणजे तिथल्या धरणाच्या नाथसागर जलाशयावर, पक्षी कसले बघायचे, असं आपल्याकडं हमखास विचारलं जातं. पट्टकादंब, चक्रवाक, कांड्या करकोचे हे थंडीचे पाहुणे तोवर उत्तरेकडं निघून गेलेले असतात, हे खरंच. पण मागं राहतात ते इथलेच, आणि त्यांची वीण ऐन भरात असते. हिवाळ्यात थवा उडाला तर फार तर आपला फोटो हुकतो. मे महिन्यात नदी सुरय (रिव्हर टर्न) घरट्यावरून उठला की अंडी चाळीस अंशांच्या उन्हात उघडी पडतात.

पैठणचं हे जलाशय १९८६ पासून अभयारण्य आहे, विस्तार सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. ते पसरट आणि उथळ असल्यानं पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर सरकतो. मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर, म्हणजे गाळावरची पेरणी, होतो आणि मधे वाळूची, मुरमाची बेटं उघडी पडतात. सुरय तिथंच साध्या खळग्यात दोन-तीन अंडी घालतो. पाणी आणखी आटलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री आणि जनावरं थेट आत शिरतात. त्यात आपली भर नको. बेटावर पाय ठेवायचाच नाही, काठावरून दुर्बीण लावायची.

टिटवीचं तसं नाही, ती काठावरच असते. खळगा, भोवती खडे, कधी शेळीच्या लेंड्या, आणि आत चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. मातकट रंगावर काळपट ठिपके, त्यामुळं पायाशी असली तरी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की पुढं जाऊ नका, बाजूलाही वळू नका. आल्या पावलांनी मागं फिरा. थोडं लांब बसून पाहिलंत तर कधी ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. सुरयही हेच करतो. उन्हाळ्यात पाहण्यासारखं यापेक्षा दुसरं काही नाही, असं माझं मत.

ओळखीत घोळ होतो तो सुरयांचा. नदी सुरयाची चोच जाड, पिवळीधमक, टोपी काळी, शेपूट खोल दुभंगलेली. लहान सुरय बराच छोटा, कपाळ पांढरं, चोचीचं टोक काळं.

उजाडताना काठावर पोचा आणि सूर्य पाठीशी ठेवा. नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरची हवा थरथरते. मग तिपाईवरची भारी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोपही निकामी, जास्त झूम केलं तर उलट जास्त हलतं. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, हातातली दुर्बीण पुरते. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, ओआरएसची पुडी घ्या. भेगाळलेला गाळ वरून टणक दिसतो, खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून आधी काठीनं दाबून बघा. गाडी गाळपेरात घालू नका, तिथं कुणाचं तरी पीक उभं असतं.

वहीत तारीख, वेळ, जागा, संख्या आणि पक्षी काय करत होता ते टिपा. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढा पट्टा डोळ्यात बसवायचा आणि असे किती पट्टे होतात ते बघायचं. विणीचे फोटो टाकायचे असतील तर पावसाळा लागल्यावर, आणि तेव्हाही घरट्याचं लोकेशन न देता.