मावशीनं उपसलेली सॅक

नमस्कार श्रोतेहो.

गाडीनं एखाद्या लहानशा स्टेशनावर उतरायचं, शेतांच्या कडेकडेनं, पायवाटांनी दोन-तीन दिवस रमतगमत चालायचं, रात्री मुक्काम करायचा आणि पुन्हा गाडी धरून घरी यायचं. बेत एवढाच. शिखर नाही, शर्यत नाही. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती होते, आणि ती बहुतेक वेळा घरीच, सॅक भरताना सुरू होते. माझी झाली होती.

मी तेव्हा तिशीतला, मावशी साठी ओलांडलेली. बेत माझा, नकाशा माझा आणि ऐटही माझीच. तीन दिवसांचा गोल फेरा होता; उतरायचं त्याच स्टेशनावरून परतीची गाडी. माझी सॅक डब्याच्या दारातून आडवी करून काढावी लागली. मावशीजवळ शाळकरी पोराच्या दप्तराएवढी पिशवी.

गाडी निघून गेली. फलाटावर आम्ही दोघंच. मावशी बाकावर बसली आणि म्हणाली, "उघड."

"काय?"

"सॅक रे. उघड ती."

एकेक वस्तू बाहेर यायला लागली. दोन जाडजूड पुस्तकं. तिसरी पँट. दुसरा टॉवेल. किल्लीचं गजराचं घड्याळ. मग दोराचं एक भेंडोळं.

"हा कशाला?"

"लागला तर असावा."

"कुणाला बांधणारेस?"

मला राग आला. म्हटलं, मग हेही नको, हेही नको. कंगवा काढला, साबणाची डबी काढली, नेलकटर काढलं आणि ढिगावर टाकलं. तो सगळा ढीग एका पिशवीत कोंबून तिकीट खिडकीवरच्या गृहस्थांकडे ठेवला. भले माणूस होते, कोपऱ्यात ठेवून घेतला. आता असं कुणी ठेवून घेणार नाही, आणि कुणाला गळही घालू नका.

पहिला दिवस अगदी पिसासारखा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी लांबलचक उतार लागला. उतारावर पाय बुटात पुढे पुढे सरकतो आणि नखं टोकाला आपटत राहतात. माझी नखं वाढलेली. मुक्कामाला पोचून मोजे काढले, तर दोन्ही अंगठे काळेनिळे.

मावशीनं पाहिलं. "नखं काप आधी."

मी गप्प.

"नेलकटर कुठाय?"

"स्टेशनात."

मावशी इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "अरे, ते काढ असं कोण म्हणालं होतं तुला?"

तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. बोटांकडे सैल, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे टाच मागे राहते आणि पाय पुढे घसरत नाही. मग मला पुढे घातलं आणि स्वतः मागून आली. चालताना सगळ्यांत हळू चालणारा पुढे हवा. झपाझप पुढे जाऊन वळणावर थांबणारी आणि आपण पोचताक्षणी "चला, चला" म्हणून उठणारी माणसं मला सहन होत नाहीत. त्यांची विश्रांती होते, आपली होतच नाही. बरं, असो.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावं. पुन्हा सांगतो, दहावा हिस्सा. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा. नखं आधी, नखं आधी! बूट नवे घालून निघू नका, आधी वापरून मऊ करा. घ्यायचे असतील तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. ओल आणि घर्षण यांनी फोड येतात, तेव्हा कोरडे मोजे जवळ हवेत. कुठं चुरचुरलं की तिथंच थांबून पट्टी लावा, मुक्कामाची वाट बघू नका.

वेळेचा हिशेब करायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक सोपा नियम घालून दिला. तीन मैलांना, म्हणजे साधारण 5 किलोमीटरना एक तास. आणि दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. थांबण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. नवख्यांनी येईल त्या आकड्याची दीडपट करावी. पहिल्या दिवशी 8-10 किलोमीटर पुरे. स्नायूंचं दुखणं त्याच दिवशी कळत नाही, एक ते तीन दिवसांत वर येतं. आणि चढापेक्षा उतारानं जास्त येतं, म्हणून दुसरा दिवसही छोटाच ठेवा. शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीच्या वेळेपासून उलटं मोजत या, वर एक तास हातचा ठेवा.

जाताना जमलं तर इंजिनाकडे पाठ करून बसा. समोरून येणारं दृश्य डोळ्यांवर आदळतं, मागे जाणारं कितीतरी वेळ दिसत राहतं. घरात हे कुणाला पटत नाही.

हो, त्या पिशवीचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लंगडत तिकीट खिडकीशी गेलो. ते गृहस्थ पिशवी दोन्ही हातांनी उचलत म्हणाले, "एवढं काय भरलंय हो यात?"

मला दोर आणि नेलकटर, एवढंच आठवलं.