परवाना सर्वांसमोर, गुण ज्याचे त्याच्याजवळ

श्रोतेहो, नमस्कार. निकालाच्या दिवसांत ठाण्यातल्या गोखले रोडवरून जाताना क्लासवाल्यांचे फलक नजरेतून सुटत नाहीत: छायाचित्र, नाव आणि ठळक आकड्यांत गुण. शालेय परीक्षांपुरते हे आता अंगवळणी पडले आहे. पण ज्या परीक्षेवर व्यवसायाचा परवाना अवलंबून असतो, तिचे गुणही असेच जाहीर व्हावेत का? माझ्या मते होऊ नयेत.

परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना येथे एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात ३०० पैकी १५० गुण मिळाले की ते उत्तीर्ण होतात. समजा, ऐरोलीतल्या एखाद्या दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली १५२ हा आकडा रंगवला आणि शेजारच्या पाटीवर २१०, तर रांग कुठे लागेल हे सांगायला ज्योतिषी नको. वास्तविक ही परीक्षा किमान पात्रता आहे की नाही, एवढेच ठरवण्यासाठी घेतली जाते. नंतरची आंतरवासिता आणि रुग्णांमध्ये काढलेली वर्षे त्या आकड्यात कोठून येणार? अमेरिकेत यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण पुढील प्रशिक्षणासाठी डॉक्टर निवडताना चाळणीसारखे वापरले जाऊ लागले होते. २६ जानेवारी २०२२ पासून तेथे केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच निकाल दिला जातो.

नोकरभरतीचे तसे नाही. तेथे मोजक्या जागांसाठी चुरस असते आणि गुण झाकले, तर कोणाला डावलले हे कळायला मार्गच उरत नाही.

मात्र गुप्तता म्हणजे खुद्द परीक्षार्थीलाही अंधारात ठेवणे नव्हे. माहिती अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात २०११ मध्येच मान्य केला आहे. तरीही अर्ज करण्याऐवजी नशिबाला बोल लावणारेच फार!

ग्राहकाला हवी ती माहिती निराळी आहे. घोडबंदर रोडला किंवा खारघरला घर घेताना एजंटाची महारेराकडे नोंदणी आहे का, हे संकेतस्थळावर पाहता येते. प्रत्येक व्यवसायाच्या परिषदेने परवाना चालू आहे की निलंबित, आणि निलंबित असल्यास कशामुळे, हे तितक्याच सहज दिसेल असे ठेवावे. परीक्षेला किती बसले, किती उत्तीर्ण झाले, हेही नावांशिवाय दरवेळी प्रसिद्ध करावे, म्हणजे परीक्षेच्या काठिण्याची चर्चा ऐकीव गोष्टींवर चालणार नाही.