धुऱ्यावर वाचायची पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या शिवारात मोठे धोंडे गोल मांडलेले असतील, तर धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, ते उचलण्याआधी थोडं ऐका.

नागपूरहून काटोलकडं जाताना जुनापाणी लागतं. तिथल्या शिळावर्तुळांबद्दल रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 साली लिहिलं. पुढं नागपूर जिल्ह्यातच माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं खोदकाम झालं. वर्तुळांखाली निघाली दफनं, लोखंडी हत्यारं. माहुरझरीला तर माणसांबरोबर घोडेही पुरलेले, तांब्याच्या साजासकट! नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पण खोदकामाचे अहवाल बहुतेक इंग्रजीत. ज्याच्या वावरात वर्तुळ, त्याला ते वाचता येत नाहीत.

म्हणून इतिहासकार वा. वि. मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे मराठी पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. वाकाटक म्हणजे विदर्भाचं जुनं राजघराणं, पण त्या वर्तुळांच्या बरंच नंतरचं. त्यातलं संस्कृत जड वाटलं तर खुशाल पान उलटा, पण ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली दानपत्रं, सोडू नका. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा वारल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. तिनं नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या आपल्या नगरधनहून, दंगुण नावाचं गाव दान दिलं. तो ताम्रपट मिळाला कुठं, तर पुण्यात! त्यात पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, सगळी शेजारची गावं नावानिशी लिहिलीत. आजच्या खरेदीखतात चतुःसीमा असते ना, अगदी तशी. दंगुण म्हणजे हिंगणघाट, असं मिराशींचं मत. हिंगणघाटकरांनी नकाशा पुढ्यात घेऊनच हे वाचावं.

झाडांच्या पुस्तकांबाबत मात्र मी जरा खडूस आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फुलं, बस्स. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, मोहाचंही जवळपास तसंच. फुलाच्या फोटोवरून भर पावसाळ्यात झाड ओळखायचं कसं? पुस्तक घेताना आधी पळस काढून पाहा. पान, साल, चपटी शेंग दाखवली असेल तर पैसे द्या. नुसतीच केशरी फुलं दिसली तर दुकानदाराला परत करा.