चुकीच्या उत्तरांचा अभ्यासक्रम

मित्रहो, वैद्यकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलाने सहसा शस्त्रक्रिया पाहिलेली नसते. शिक्षक व्हायला येणारा तरुण मात्र लहानपणापासून रोज आपल्या भावी व्यवसायासमोर बसून आलेला असतो. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने 1975 साली याकडे लक्ष वेधलं. शाळा संपेपर्यंत असे सुमारे 13,000 तास भरतात, असा त्याचा हिशेब होता. बाकावरून शिक्षकाचं बोलणं दिसतं, त्यामागचा विचार दिसत नाही. हेच उदाहरण का घेतलं, अमुक मुलालाच प्रश्न का विचारला, हे विद्यार्थ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी, पहिल्यांदा वर्गावर उभा राहिला की नकळत आपल्या जुन्या सरांसारखा किंवा बाईंसारखा शिकवू लागतो. विद्यापीठातल्या प्रशिक्षणाच्या थोडक्या काळाची झुंज या 13,000 तासांशी असते.

मग एवढ्या वेळात शिकवायचं काय? रूढ व्यवस्था अशी: विषय त्या-त्या विभागाने शिकवावा, मानसशास्त्र, मूल्यमापन, वर्गव्यवस्थापन शिक्षणशास्त्र विभागाने शिकवावं, आणि दोहोंची सांगड छात्राध्यापकाने आपली आपण घालावी. माझा आक्षेप या सांगडीवर आहे, कारण सगळ्यात अवघड काम तेच आहे आणि ते आपण नवख्यावर सोडून दिलं आहे.

दशांश अपूर्णांक घ्या. 0.45 मोठा की 0.3? ‘0.45’ असं उत्तर आलं की शिक्षक पुढे जातो. पण असं उत्तर देणाऱ्या काही मुलांनी दशांशचिन्ह सोडून सरळ 45 आणि 3 यांची तुलना केलेली असते. त्यांना 0.125 आणि 0.3 द्या, ती 0.125 मोठा म्हणतील. दुसरी काही मुलं याच्या उलट चालतात. सहस्रांश हा दशांशापेक्षा लहान, तेव्हा अंक जितके जास्त तितकी संख्या लहान, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. ती 0.125 आणि 0.3 मध्ये बरोबर येतात आणि 0.45 आणि 0.3 मध्ये चुकतात. दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय दोन्ही गट सापडत नाहीत. कुठल्या संख्या फळ्यावर लिहायच्या हे ठरवायला जे ज्ञान लागतं, ते संशोधक गणितज्ञाला कधी लागत नाही आणि बालमानसशास्त्राच्या सर्वसाधारण तासाला ते मिळत नाही. ते गणित शिकवणाऱ्याचंच ज्ञान आहे. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये अशा ज्ञानाला शिक्षकाच्या ज्ञानात स्वतंत्र जागा दिली. आशययुक्त अध्यापन, म्हणजे विषयाच्या आशयाला धरून शिकवणं, असं म्हणतो तेव्हा आपल्या मनात हेच असायला हवं.

विषयाच्या पदव्या वाढवल्या की हे ज्ञान आपोआप येईल, असं वाटणाऱ्यांनी गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्या लिपिंग मा यांचा 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण रचा, असं त्यांनी प्राथमिक शिक्षकांना सांगितलं. अमेरिकेतल्या 23 शिक्षकांपैकी निम्म्यांनाही अचूक उत्तर काढता आलं नाही, आणि अर्थाला धरून उदाहरण एकालाच रचता आलं. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटणी करण्याचं उदाहरण दिलं. चीनमधल्या 72 शिक्षकांचं उत्तर मात्र बरोबर होतं, आणि बहुतेकांना उदाहरणही जमलं. औपचारिक शिक्षणाची वर्षं चिनी शिक्षकांची कमी होती, हे विसरू नका.

इतिहासात अडचण निराळी. इतिहास कसा शिकला जातो याचे संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी 1991 च्या अभ्यासात इतिहासकारांपुढे आणि शाळकरी विद्यार्थ्यांपुढे तीच कागदपत्रं ठेवली. इतिहासकार आधी पाहत, हे कुणी लिहिलं आणि केव्हा. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून वाचत सुटत, लिहिणाऱ्याकडे त्यांचं लक्षही जात नसे. ही सवय मोडायला गणिताची युक्ती काय कामाची? विज्ञानात आणखी तिसरंच. झाडाचं वजन कुठून येतं, विचारा. ‘मातीतून,’ असं उत्तर हमखास मिळतं. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या वैज्ञानिकाने विलोचं रोप पाच वर्षं कुंडीत वाढवलं. माती जवळपास होती तेवढीच राहिली, आणि झाड पाण्याचंच बनतं असा निष्कर्ष काढून तोही थांबला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोहोचायला पुढे शतकाहून जास्त काळ लागला. हे ज्याने वाचलंय तो मुलाच्या उत्तराला हसत नाही, त्याच्याबरोबर विचार करायला बसतो. मला असा शिक्षक हवा आहे.

सराव पाठांचंही तेच. 1960 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सूक्ष्म अध्यापन सुरू झालं: थोडी मुलं, पाच-दहा मिनिटं, एकच कौशल्य. ते उपयोगी आहे, त्याला माझा विरोध नाही. पण पाठ निरीक्षणात ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य’ एवढाच शेरा पडत असेल, तर तो कुठल्याही विषयाला चालतो आणि म्हणून कुठल्याच विषयाला पुरत नाही. जपानी शिक्षकांची पाठ-अभ्यासाची रीत पाहा. पाठ सगळे मिळून आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांच्या वह्यांकडे आणि बोलण्याकडे बारकाईने पाहतात. नंतरची चर्चा होते ती पाठाची, कारण पाठ सगळ्यांचा असतो. छात्राध्यापकाची भीती निम्मी तिथेच जाते.

हे करायचं तर विषय विभागाचा आणि शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक एकाच वर्गात, एकाच वेळी हवेत. टेबलावर शाळेतल्या मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिका हव्यात. फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने 1908 मध्येच लिहून ठेवलं होतं, की विद्यापीठात आल्यावर विद्यार्थ्याचं शाळेच्या गणिताशी नातं तुटतं आणि शिक्षक होऊन शाळेत परतला की विद्यापीठाच्या गणिताशी. दोन विभाग वेगळ्या इमारतींत बसून ते जोडता येणार नाही. आणि विषय विभागातल्या प्राध्यापकाने हा तास घेतला, तर तो त्याच्या कार्यभारात पूर्ण धरला जावा आणि बढतीच्या वेळी शोधनिबंधाच्या बरोबरीने मोजला जावा. आज बहुतेक ठिकाणी तो उपकाराखातर घेतलेला तास ठरतो, आणि वेळापत्रकात ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.