बर्फाच्या लादीतली वीज

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातलं मिरकरवाडा बंदर असो, हर्णै असो की देवगड, मासेमारीची बोट समुद्रात निघण्याआधी तिच्या खणात बर्फ भरतात. तो बर्फ करणाऱ्या फॅक्टऱ्यांबद्दल आज बोलणार आहे.

आधी थोडा हिशेब. आपल्याकडचं पाणी साधारण ३० अंशांचं. त्यातून एक टन बर्फ करायचा तर विजेच्याच युनिटात मोजली तर सुमारे १३० युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. चांगला कॉम्प्रेसर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता काढतो. म्हणजे त्याला टनामागे पंचेचाळीसेक युनिट वीज पुरावी. पण कंडेन्सरच्या, म्हणजे ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, नळ्यांवर क्षार बसले, बर्फाचे साचे ज्यात बुडवतात त्या मिठाच्या गार पाण्याच्या टाकीवरच्या फळ्या कुजून फटी पडल्या, की आकडा चढू लागतो. टाकी गरजेपेक्षा एक अंश जास्त गार ठेवली तरी वीज दोन-तीन टक्के जास्त जाते. मी पाहिलेल्या एका फॅक्टरीत टाकीला थर्मामीटरच नव्हता. मालक मेहनती, कामगार जाणते. तरी बिल कशानं फुगलं ते कुणाला सांगता येईना. आणि ते शोधून द्यायला त्यांच्या दारी आजवर कुणी गेलंच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं.

ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा. २०१२ पासून देशातल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना वीज-इंधन बचतीची उद्दिष्टं ठरवून दिली गेली: सिमेंट, पोलाद, खत वगैरे. बर्फाची फॅक्टरी त्या मापात बसत नाही. राज्याच्या २०२० च्या धोरणात १७,३६० मेगावॉट अपारंपरिक, म्हणजे सौर-पवन वगैरे, विजेचं लक्ष्य होतं. असा आकडा मिरकरवाड्याच्या टाकीपर्यंत पोचवायचा, तर मधे अभ्यास लागतो, आणि तो कोकणातच व्हायला हवा.

कारण इथं एक जमून आलेली गोष्ट आहे. पावसाळ्यात सौर पॅनेल मंदावतात, हे खरं. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. ऊन नसतं तेव्हा बर्फाची मागणीही उतरलेली असते! शिवाय केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उद्योगांना उन्हाच्या तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त मिळायला हवी. मग कॉम्प्रेसर दिवसा जोरात आणि रात्री हळू चालवावा का? टाकी दिवसा जास्त गार केली तर मघाचे दोन-तीन टक्के जातात, पण वीज स्वस्तात पडते. कुठलं पारडं जड, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. दापोलीला कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना एक हंगामभर चार फॅक्टऱ्यांत मीटर लावून बसवा. त्यासाठी लागणारा पैसा सरकारनं द्यावा, आणि त्या नोंदी समोर ठेवून किनाऱ्यासाठीचं धोरण लिहावं.

फॅक्टरीमालकांना मात्र तोवर थांबायची गरज नाही. बंदीच्या दोन महिन्यांत काम कमीच असतं. नळ्या तेव्हाच घासून घ्या, फळ्या बदला, आणि बोटी पाण्यात उतरण्याआधी टाकीला एक थर्मामीटर लावा.